उदास असताना नाचरं गाणं लावू नका

मी ध्वनिसंकलक आहे. बोलती पुस्तकं, मुलाखती, माहितीपट यांचा आवाज कापायचा, जोडायचा, स्वच्छ करायचा हे माझं काम. दिवसाचे सात-आठ तास हेडफोन कानावर असल्यामुळे घरी आल्यावर गाण्याचं नाव काढायचं नाही, असा माझा कैक वर्षांचा खाक्या होता.

मागच्या वर्षी तीन महिने खपून केलेलं एक काम रद्द झालं आणि पैसेही बुडाले. मी खोलीचं दार लोटून एकच गाणं लावून बसायला लागलो. संपलं की पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मुलगी दाराबाहेरून म्हणाली, "बाबा, त्या गाणाऱ्या माणसाला थोडं पाणी तरी द्या." बायकोने दुसरं टोक गाठलं. आत येऊन टाळ्या-ढोलवालं एक जोरदार गाणं लावलं. बरं वाटायचं राहिलं बाजूला, मला संताप आला.

का आला, ते मला खरं तर धंद्यामुळे कळायला हवं होतं. रडण्याच्या प्रसंगाला जल्लोषाचा प्रसंग नुसता कापून चिकटवला की ऐकणारा दचकतो. म्हणून एक आवाज उतरवत दुसरा चढवत न्यायचा, दोन्ही काही सेकंद एकमेकांत मिसळू द्यायचे. आम्ही त्याला क्रॉसफेड म्हणतो. मनालाही तोच लागतो. ही अक्कल माझी नाही. आयरा आल्टशुलर या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञाने १९४०च्या दशकातच हे मांडलं होतं: आधी रुग्णाच्या मनःस्थितीशी जुळणारं संगीत ऐकवा, मग थोडं थोडं सरकत त्याला हवं तिथे न्या. संगीतोपचारात याला 'आयसो तत्त्व' म्हणतात. आयसो म्हणजे समान.

तर यादी कशी बांधायची ते सांगतो. पाच ते सात गाणी पुरेत, सगळी मिळून पंचवीस-तीस मिनिटांची. आणि ती बऱ्या दिवशी बांधून ठेवायची. मन खाली असताना निवडायला बसलात तर हात त्याच त्या गाण्याकडे जातो.

आधी प्रत्येक गाण्याची लय मोजा. मांडीवर ताल धरा, पंधरा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा आणि चारने गुणा. इथे एक गफलत होते. एकच गाणं ६०चंही वाटू शकतं आणि १२०चंही. अशा वेळी पाय आपोआप जिथे पडतो तो आकडा खरा धरायचा. माझी उदासीची यादी ५८ ठोक्यांवर सुरू होते: एकटी सारंगी, शब्द नाहीत. दुसरं ६४, त्यात बाईचा आवाज, तोही खालच्या पट्टीतला. मग ७२, ८४, आणि शेवटचं ९६. एका पायरीत दहा-बारा ठोक्यांच्या वर उडी घेतली की मला ती कळते, आणि कळली की बिनसलं. शेवटचं गाणं आनंदीच पाहिजे असं नाही. ते ऐकून उठून तोंड धुवावंसं वाटलं की झालं.

संताप आला असेल तेव्हाची यादी उलटी. १४०च्या आसपासच्या खणखणीत तालवाद्यांनी सुरुवात, आणि उतरत उतरत ६०. इथे लयीबरोबर आवाजही दर गाण्याला एक खूण कमी करत आणायचा. चढत्या यादीत मात्र आवाज वाढवायचा नाही, तिथे चढते ती फक्त लय. कानांचा विषय निघालाच आहे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास, एवढीच मर्यादा आहे. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता, दुसरी तपासणी नको.

यादीच्या मधोमध दोन मिनिटांची शांतता ठेवा. हे मला सगळ्यात उशिरा पटलं, कारण आमच्या कामात शांतता सापडली की आधी ती कापतात. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली चोवीस जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवून श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजले. लय जलद तसे तिन्ही वाढले. पण गंमत अशी, की मध्ये टाकलेल्या दोन मिनिटांच्या रिकाम्या जागेत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीच्या पातळीच्याही खाली गेले. मी दोन मिनिटांची एक कोरी फाईलच बनवून यादीत टाकली आहे. शफल आणि ऑटोप्ले मात्र न विसरता बंद करा, नाहीतर त्या शांततेनंतर यंत्र काय वाजवेल याचा नेम नाही.

गाणी ओळखीचीच घ्या. समेची, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, गोष्ट आठवा. सम पडायच्या आधीच मान हलायला लागते, कारण ती कुठे येणार ते ठाऊक असतं. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांना २०११ साली मेंदूतही साधारण हेच दिसलं. गाण्यातल्या आवडत्या जागेची वाट पाहताना मेंदूच्या एका भागात डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं एक रसायन, सुटतं, आणि ती जागा प्रत्यक्ष आली की दुसऱ्या भागात. अनोळखी गाण्यात वाट कशाची पाहायची हेच माहीत नसतं. चांगल्या दिवशी नवीन जरूर ऐका, वाईट दिवशी नको.

ओळखीचं गाणं झिजतंही. मी एकदा आवडती बासरी गजर म्हणून लावली. दोन महिन्यांत तिचा पहिला सूर ऐकला की अंगावरचं पांघरूण कुणीतरी ओढतंय असं वाटायला लागलं. आता ती मैफलीत ऐकली तरी मी मनातल्या मनात घड्याळ शोधतो. गजराला, फोनच्या घंटीला एखादा नावडता आवाज लावा. त्याचं काय बिघडायचंय ते बिघडू दे.

कामाच्या वेळी काय ऐकावं हे लोक फार विचारतात. उत्तर छोटं आहे: वाचायचं-लिहायचं असेल तर आपल्याला कळणाऱ्या भाषेतले शब्द नकोत, ते डोळ्यांपुढच्या शब्दांशी भांडतात. भांडी घासताना काहीही चालतं.

नुसतं ऐकत बसू नका, गुणगुणा. सूर लांबवायचा तर श्वास सावकाश सोडावाच लागतो, आणि अंग सैल पडायला तेवढं पुरतं. मी ७२च्या गाण्यापासून गुणगुणायला लागतो. बेसूर. दिवसभर दुसऱ्यांचे बेसूर दुरुस्त करतो, एवढी सूट मला आहे.

एक वही ठेवा. यादी लावण्याआधी दहापैकी किती बरं वाटतंय तो आकडा लिहा, संपल्यावर पुन्हा लिहा. तीनचे पाच झाले तर यादी चालते. तीनचे आठ झाले असं वाटलं तर तुम्ही वहीला खोटं सांगताय. तीनचे दोन होत असतील तर पहिलं गाणं बदला. दुःखाला सोबत करणारं गाणं वेगळं आणि त्याच त्या विचारांच्या घाण्याला जुंपणारं वेगळं. माझ्या बाबतीत ओळख अशी: सोबत करणारं संपल्यावर पुढचं ऐकायला मन तयार असतं, जुंपणारं संपलं की तेच पुन्हा हवं असतं. आणि दोन आठवडे आकडा वर येतच नसेल, झोप-भूक गेली असेल, तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. तिथे गाण्यांचं काम संपतं. काही माणसांना मुळात संगीताने काही होतच नाही. माझा एक मित्र तसा आहे, कान उत्तम, पण गाणं त्याला पंख्याच्या आवाजासारखं. तो पळायला जातो, त्याने त्याचं भागतं.

दर दोन महिन्यांनी मी यादीतलं एखादं झिजलेलं गाणं काढतो, त्याच लयीचं दुसरं घालतो. मुलीने सुचवलेलं एक सध्या ८४वर आहे, वाईट नाही. ते चार दिवसांचं गाणं मात्र कुठल्याच यादीत नाही. मध्यंतरी लिफ्टमध्ये कुणाच्या तरी फोनवर अचानक वाजलं. मी दोन मजले आधीच उतरलो आणि जिन्याने गेलो.