बडोद्यात एमएसयूजवळ रूम शोधताय? आधी हे वाचा

दलालाला फोन करून "युनिव्हर्सिटीजवळ रूम पाहिजे" असं कधीच सांगू नका, तो सरळ फतेगंजला नेणार आणि भाडं ऐकून तुम्ही गार पडणार. एमएसयू, म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी, एका कंपाउंडमध्ये नाहीये हो. बडोदा कॉलेज 1881 चं, संगीत शाळा 1886 ची, कलाभवन (तांत्रिक शिक्षणाची शाळा) 1890 चं, सगळं सयाजीरावांच्या काळात गावात वेगवेगळ्या जागी सुरू झालं आणि 1949 मध्ये युनिव्हर्सिटी झाली तेव्हा हे सगळं तिच्यात आलं, म्हणून फॅकल्ट्या आजही गावभर विखुरलेल्या. त्यामुळे आधी आपली बिल्डिंग कुठे आहे ते मॅपवर बघा, मग एरिया ठरवा.

आर्ट्स (तो मोठा घुमट), सायन्स, कॉमर्स सगळं सयाजीगंज-प्रतापगंजकडे, स्टेशनपासून चालत. फाइन आर्ट्स कमाटीबागेसमोर. इथे पीजी (पेइंग गेस्ट) भरपूर, पण जूनमध्ये आलात तर उरलंसुरलंच मिळतं. इंजिनियरिंगवाल्यांनी फतेगंजचा हट्ट का धरावा कळत नाही, त्यांची फॅकल्टी कलाभवनात, मग दांडिया बाजार, रावपुरा बघा ना! जुनी मराठी वस्ती आहे, "रूम भाड्याने"चे बोर्ड फारसे लागत नाहीत, गल्लीत फिरून किराणावाल्याला नाहीतर एखाद्या काकूंना विचारायचं. डब्याचंही तिथेच जमून जातं. परफॉर्मिंग आर्ट्स सूरसागर तलावासमोर, म्हणजे त्यांनाही हाच भाग बरा.

आता पाणी. नळाचं नाही, विश्वामित्रीचं. 2019 ला आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये नदी गावात शिरली, त्यात मगरी पण आल्या, ही मस्करी नाही. तळमजल्याची रूम स्वस्त मिळत असेल तर "चोवीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं" हे मालकाला नाही, शेजाऱ्याला विचारा. मालक म्हणणार, "अरे, इथे काही नव्हतं."

अंडी-मासे खात असाल तर पहिल्याच भेटीत बोलून टाका, बऱ्याच घरांत चालत नाही आणि मग मधल्या सेमिस्टरला सामान उचलायची वेळ येते. डिपॉझिट कॅश देऊ नका, यूपीआय करा, आणि परत किती आणि कधी मिळणार ते 11 महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या, पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म मालकाकडूनच भरून घ्या.

हॉस्टेलचा फॉर्म मात्र भरून ठेवाच. नंबर उशिरा लागू शकतो, म्हणून तोपर्यंत महिन्याच्या बोलीवरचा पीजी बघा, अ‍ॅग्रीमेंटमध्ये अडकू नका.