समलिंगी आणि ट्रान्स लेखकांचं चरित्र लिहिताना या चुका टाळा

‘ते आजन्म अविवाहित राहिले आणि त्यांनी स्वतःला साहित्यसेवेला वाहून घेतलं.’ मराठी चरित्रांत हे वाक्य इतकं रुळलं आहे, की लिहिणाऱ्याला ते खटकतही नाही. ज्याच्यासोबत त्या लेखकाने उभा संसार केला, जो त्याची हस्तलिखितं सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचा, आजारपणात उशाशी बसायचा, तो माणूस या वाक्यात मावत नाही. फार तर प्रस्तावनेत ‘स्नेही’ म्हणून त्याचे आभार मानलेले असतात. गोव्यात मराठीतून चरित्र लिहू पाहणाऱ्यांनी सर्वांत आधी ही सवय सोडावी, असं मला कळकळीने वाटतं.

ही गाळागाळ दरवेळी द्वेषातून होते असं नाही, पुष्कळदा ती प्रेमापोटी होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फोर्स्टर स्वतः समलिंगी होते. आपले ज्येष्ठ मित्र गोल्ड्सवर्दी लोज डिकिन्सन यांचं चरित्र त्यांनी १९३४ साली लिहिलं आणि डिकिन्सन यांनी पुरुषांवर केलेलं प्रेम त्यातून वगळलं. डिकिन्सन यांनी मात्र ते सगळं आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं होतं. ते छापून यायला १९७३ साल उजाडलं. १९२१ मध्ये फोर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या मराठा महाराजांचे खासगी सचिव होते. त्या दिवसांवरचं त्यांचं पुस्तक १९५३ साली आलं, पण तिथल्या स्वतःच्या संबंधांबद्दल त्यात अक्षर नाही. त्या संबंधांबद्दलचं त्यांचं टिपण त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. इंग्लंडमध्ये १९६७पर्यंत पुरुषापुरुषांमधला संबंध गुन्हा होता, म्हणून फोर्स्टर यांना मी दोष देणार नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. त्यानंतर आपल्याकडे ती सबब राहिलेली नाही.

‘तेव्हाही ३७७ होतंच की!’

गोव्यापुरती ही सरळ चूक आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातलं. गोव्यात ती संहिता आली १९६१च्या मुक्तीनंतर. त्याआधी इथे पोर्तुगीज दंडकायदा चालायचा, आणि त्याही आधी, १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षं सोडली तर इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय, होतं. पुरुषापुरुषांमधला संबंध त्याच्या अखत्यारीतल्या गुन्ह्यांपैकी एक होता. त्यामुळे १९४०च्या दशकात मडगावात जगलेल्या माणसाच्या मनातली भीती मुंबईच्या कायद्यावरून लिहू नका. तो कामासाठी मुंबईला गेला असेल, तर हद्द ओलांडताना त्याच्यावरचा कायदाही बदलत होता.

कायद्याच्या जोडीला इथल्या दस्तऐवजांचाही विचार करावा लागतो. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे गोव्यातला माणूस कागदावर ठळक दिसतो: जन्मनोंद, लग्ननोंद, वारसांची इन्व्हेंटरी (मृताचे वारस आणि मालमत्ता यांची नोंद). पण या साखळीत रक्ताचे आणि लग्नाचे लोक तेवढे असतात. मुलं किंवा आईवडील हयात असतील, तर मृत्युपत्राने मालमत्तेचा निम्माच भाग मनाप्रमाणे देता येतो. म्हणून मृत्युपत्रातला तो मोकळा भाग कोणाला दिला, हे जरूर पाहा. विक्रीखत दोघांच्या नावे आहे का, घरपट्टी कोण भरत होतं, फोटोच्या मागे कोणाचं अक्षर आहे, हेही पाहा. नुसत्या इन्व्हेंटरीवर विसंबून चरित्र लिहिलं, तर भरल्या घरातला माणूस एकटा ठरतो.

याची उलटी चूकही तितकीच वाईट. अविवाहित काका दिसला की तो समलिंगीच, असं धरून चालू नका. घराण्याची वाटणी टाळायची म्हणून, किंवा पाद्री व्हायला सेमिनारीत गेल्यामुळे लग्न न केलेले पुरुष गोव्याच्या जुन्या घरांत कमी नव्हते. जुन्या पत्रांतला ‘प्राणप्रिय’ हा मायनाही पुरेसा पुरावा नव्हे. माणसाने स्वतः काय म्हटलं, जवळच्याने डोळ्यांनी काय पाहिलं आणि तुम्ही कशावरून काय ताडलं, या तीन गोष्टी वाचकाला वेगवेगळ्या दिसू द्या.

आणि माणूस स्वतः उघडपणे बोललेला असेल, तर आपण कुजबुजत लिहू नये. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्यातल्या कोलवाळला राहून वस्त्रकलेवर लिहिलं, २०१२ साली आत्मचरित्र प्रसिद्ध केलं, जोडीदार जेरोम मारेल यांच्याबद्दल जाहीरपणे सांगितलं. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० साली ते गेले. त्यांच्याविषयी लिहिताना ‘जवळचे मित्र’ म्हणणं म्हणजे त्यांचंच म्हणणं खोडणं. मात्र तपशील नेमका हवा. २००२ साली या दोघांनी केला तो फ्रेंच कायद्याखालचा ‘पॅक्स’ हा नागरी करार. फ्रान्समध्ये समलिंगी विवाह २०१३ साली आला, आणि भारतीय सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क द्यायला १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. सोहळ्याला त्यांच्या माणसांनी लग्न म्हटलं असेल तर तेही लिहा, शेजारी कागद काय होता तेही लिहा.

गेला, गेली, गेलें

ट्रान्स व्यक्तीचं चरित्र मराठीत लिहिताना पळवाट नाही. भूतकाळातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य लिंग सांगतं, आदरार्थी ‘गेले’-‘गेल्या’सुद्धा. बालपणाच्या प्रकरणात ‘तो’ आणि पुढे ‘ती’ अशी उडी बरेच जण घेतात. ती व्यक्ती हयात असेल तर तिलाच विचारा, लहानपणासाठी काय वापरू? नसेल, तर तिने शेवटी स्वतःसाठी जे रूप वापरलं तेच पहिल्या पानापासून ठेवा. जुनं नाव केवळ कुतूहल भागवायला छापू नका.

गोव्यात यात आणखी एक खाच आहे. मुलाखत कोकणीत होते, पुस्तक मराठीत. कोकणीत तरुण मुलीला सहज ‘तें’ म्हणतात, ‘तें आयलें’, आणि त्यात माया असते. फोंड्याची एखादी आजी आपल्या ट्रान्स नातीबद्दल ‘तें’ म्हणाली आणि तुम्ही मराठीत ‘ते आलं’ लिहिलंत, तर तिने नातीला मुलगी म्हणून स्वीकारलं होतं हेच पुसलं जातं. वर तिच्या तोंडी अपमान जातो. अशा जागी ‘ती आली’ लिहा, किंवा आजीचं वाक्य कोकणीतच राहू द्या.

राहिली पत्रं. पत्र ज्याच्या ट्रंकेत आहे त्याला ते छापण्याचा हक्क असतोच असं नाही. हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा, आणि वारस म्हणजे अनेकदा तेच कुटुंब ज्याला हा विषय नको असतो. परवानगी लेखी मागा, मसुदा पूर्ण होण्याआधी मागा. जोडीदार हयात असेल तर त्याचं नाव, त्याचा फोटो, त्याची संमती हा वेगळा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या खासगीपणाच्या निकालाने लैंगिक कल हा खासगीपणाचाच भाग मानला आहे. जोडीदाराने नको म्हटलं तर नाव बदला, पण घरातली त्याची जागा पुसू नका. कुटुंबाने पत्रं छापायला नकार दिला, तरी त्यांतली हकिकत तुमच्या शब्दांत, तारखेसह सांगता येते, कारण हक्क शब्दांवर असतो, घडलेल्या गोष्टीवर नाही. मूळ पत्रं जोडीदाराकडे असतील, तर ती नीट जपायची सोय त्याच्या हयातीतच करायला त्याला मदत करा.