आइस हॉकीचा संघ शहर सोडणार का, हे कसे ओळखावे

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचा एखादा संघ दुसऱ्या शहरात जाणार अशी बातमी आली, की बहुतेकांची नजर आधी गुणतक्त्याकडे आणि रिकाम्या खुर्च्यांकडे वळते. तेथून सुरुवात करू नये. क्यूबेक नॉर्डिक्स हा संघ १९९४-९५ च्या हंगामात पूर्व विभागात अव्वल ठरला आणि त्याच वर्षी डेन्व्हरला विकला गेला. पुढच्याच हंगामात, १९९६ मध्ये, त्याने कोलोरॅडो ॲव्हलांच या नावाने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. उत्तम खेळणारा आणि लोकांचा लाडका संघही जाऊ शकतो, हे मनाशी धरूनच पुढचे प्रश्न विचारावेत.

पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अरीनाचा, म्हणजे सामने होतात त्या बंदिस्त क्रीडागृहाचा, आहे. अरीना कोणाच्या मालकीची आहे, भाडेकरार कधी संपतो आणि तिकिटांखेरीज पार्किंग, खाद्यपदार्थ, जाहिराती व खासगी कक्ष यांचे उत्पन्न कोणाच्या खिशात जाते, हे शोधावे. संघ केवळ भाडेकरू असेल आणि हे उत्पन्न दुसऱ्यालाच मिळत असेल, तर खुर्च्या भरूनही मालक तोट्यात राहू शकतो. ॲरिझोनातील कायोटीज संघाचा प्रवास यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९९६ मध्ये कॅनडातील विनिपेगहून ॲरिझोनातील फीनिक्सला आल्यावर हा संघ बास्केटबॉलसाठी बांधलेल्या अरीनात खेळू लागला, जिथे अनेक खुर्च्यांवरून बर्फाचे मैदान पूर्ण दिसतच नसे. पुढे ग्लेंडेल या उपनगरात नवी अरीना मिळाली, परंतु २००९ मध्ये मालकाने दिवाळखोरी जाहीर केली आणि अखेर लीगलाच संघ विकत घेऊन २०१३ पर्यंत चालवावा लागला. २०२१ मध्ये ग्लेंडेलने करार पुढे न वाढवण्याचे ठरवले, म्हणून संघ जवळच्या टेंपी शहरातील विद्यापीठाच्या अरीनात गेला. तिची क्षमता सुमारे पाच हजारांची, म्हणजे लीगमधील नेहमीच्या अरीनांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. मे २०२३ मध्ये टेंपीच्या मतदारांनी नव्या अरीनाचा प्रस्ताव फेटाळला आणि एप्रिल २०२४ मध्ये खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले. ज्याने भाडेकरारांकडे लक्ष ठेवले होते, त्याला शेवटची बातमी अनपेक्षित वाटली नसेल.

दुसरा प्रश्न चलनाचा असून तो कॅनडातील संघांपुरताच आहे. खेळाडूंचे वेतन अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागते, तर तिकिटांचे पैसे कॅनेडियन डॉलरमध्ये येतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यास कॅनेडियन डॉलर अमेरिकेच्या ७०-७५ सेंटांच्या आसपास होता, वेतने वाढत होती आणि त्यांवर मर्यादा नव्हती. क्यूबेक आणि विनिपेग ही दोन शहरे वर्षभराच्या अंतराने आपले संघ गमावून बसली, त्यामागे जुन्या अरीनांइतकेच हे गणितही होते. २००५ पासून लागू झालेली वेतनमर्यादा आणि संघांमधील उत्पन्नाची वाटणी यांमुळे लहान शहरांवरचा भार हलका झाला आहे. त्यामुळे नव्वदच्या दशकातील उदाहरणे आजच्या संघांना जशीच्या तशी लावू नयेत.

त्यानंतर मालकाकडे पाहावे. स्थानिक मालक थांबतोच असे नाही, पण विकत घ्यायला स्थानिक लोक पुढे आले तर संघ टिकू शकतो: १९९८ मध्ये ह्यूस्टनचा खरेदीदार दारात उभा असताना कॅनडातील एडमंटनच्या गुंतवणूकदारांनी एकत्र येऊन आपल्या शहराचा ऑयलर्स हा संघ विकत घेतला. मालकाने जाहीरपणे दुसऱ्या शहराची चाचपणी करणे हे मात्र जाण्याचे पक्के लक्षण मानू नये. २००७ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या मालकांनी कॅन्सस सिटीशी बोलणी केली, नव्या अरीनाचा करार पदरात पडला आणि संघ जागीच राहिला. अशी चाचपणी पुष्कळदा नगरपालिकेवर दबाव आणण्यासाठीच असते, आणि त्याची किंमत करदाते व चाहते चुकवतात, याचे मला वाईट वाटते.

शेवटी लीगची संमती आणि नव्या शहराची तयारी तपासावी, कारण मालकाची इच्छा एकटी पुरत नाही. दिवाळखोरीत निघालेला कायोटीज संघ विकत घेऊन कॅनडातील हॅमिल्टनला नेण्याचा प्रयत्न २००९ मध्ये लीगने न्यायालयात लढून हाणून पाडला. उलट अटलांटा थ्रॅशर्स २०११ मध्ये विनिपेगला गेले, तेव्हा तेथे अरीना तयार होती, तिची मालकीही संघ विकत घेणाऱ्या समूहाकडेच होती आणि पूर्ण हंगामाच्या १३,००० तिकिटांचे लक्ष्य चार दिवसांत पूर्ण झाले. लीगने स्थलांतराचे शुल्क म्हणून ६ कोटी डॉलर घेतले. पंधरा वर्षे वाट पाहिलेल्या त्या शहराचा आनंद मला समजतो, पण त्याच दिवशी अटलांटाने १९८० नंतर दुसऱ्यांदा आपला संघ गमावला, हेही विसरता येत नाही. मात्र अरीना तयार असली तरी संघ मिळेलच असे नाही. क्यूबेकने २०१५ मध्ये सार्वजनिक पैशातून अठरा हजारांहून अधिक खुर्च्यांची अरीना उभारली. पुढच्या वर्षी लीगने नव्या संघासाठी लास वेगासची निवड केली आणि क्यूबेकचा अर्ज लांबणीवर टाकला.