टॉमकॅट अडला तर या चुका टाळा: रिस्टार्टच्या आधी पुरावा हाती घ्या

पुण्यातील आयटी म्हटले की हिंजवडी आणि खराडी डोळ्यांपुढे येतात. परंतु जावावर चालणारी कितीतरी वेब ॲप्लिकेशन्स त्या संकुलांच्या बाहेर, पेठांमधल्या पतसंस्थांमध्ये, क्लासेसच्या प्रवेशकक्षांमध्ये आणि भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या स्टोअर विभागात रोज काम करत असतात. अशा ठिकाणी सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती बहुधा एकटीच असते, आणि साइट अडली की काउंटरपुढे रांग लागलेली असल्यामुळे पहिला हात रिस्टार्टकडेच जातो. ही घाई समजण्यासारखी आहे. मात्र रिस्टार्टबरोबर अडकलेले थ्रेड (विनंत्या हाताळणारे कामाचे धागे), भरलेली मेमरी आणि परत न आलेली डेटाबेस कनेक्शन्स यांचा मागमूसही उरत नाही, मूळ कारण जागच्या जागी राहते, आणि दोन दिवसांनी तीच तक्रार पुन्हा येते. अशी जावा ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर म्हणजे अपाची टॉमकॅट. तो हाताळताना होणाऱ्या ज्या चुका येथे मांडल्या आहेत, त्यांतील बहुतेक या ना त्या प्रकारे पुरावा हरवण्याच्याच चुका आहेत.

पुरावा न घेता रिस्टार्ट करणे

साइट उघडत नाही, पण जावाची प्रक्रिया चालू आहे, अशा वेळी आधी थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करत आहे याची नोंद, घ्यावा. त्यासाठी जेडीके या जावाच्या विकास-संचाबरोबर येणारी जेस्टॅक ही आज्ञा ज्या युजरच्या नावाने टॉमकॅट चालतो त्याच युजरने चालवावी लागते. रूट म्हणून चालवल्यास ती कधी कधी नकार देते. जेडीके नसून फक्त जावा चालवण्यापुरता जेआरई असेल, तर लिनक्सवर ‘किल वजा ३’ हा सिग्नल पाठवावा. त्याने प्रक्रिया मरत नाही, तर सर्व थ्रेडची स्थिती ‘कॅटलिना डॉट आऊट’ या टॉमकॅटच्या मुख्य लॉग फाइलमध्ये उतरते. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्यावेत, कारण एका डंपमध्ये थ्रेड कोठे आहे एवढेच दिसते, तर तीन डंप शेजारी ठेवले की कोणता थ्रेड तेथून हललेलाच नाही हे कळते. या सगळ्याला मिनिटभरापेक्षा अधिक वेळ लागत नाही, आणि त्यानंतर रिस्टार्ट करण्यास कोणाची हरकत नसावी.

चुकीची लॉग फाइल वाचणे

नवीन वॉर फाइल (ॲप्लिकेशनचे पॅकेज) टाकली, सर्व्हर सुरू झाला, पण ॲप्लिकेशन मात्र ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, दाखवते. ‘कॅटलिना डॉट आऊट’ उघडली तर त्यात एक किंवा अधिक लिसनर (ॲप्लिकेशन सुरू होताना चालणारा कोड) सुरू होऊ शकले नाहीत, सविस्तर माहिती संबंधित कंटेनरच्या लॉग फाइलमध्ये मिळेल, अशा अर्थाची एक ओळ असते आणि तिच्या खाली कॉन्टेक्स्ट, म्हणजे ते ॲप्लिकेशन, सुरू होण्यात अपयश आल्याची दुसरी. अनेक जण या दोन ओळी जशाच्या तशा शोधयंत्रात टाकतात आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी अडचणीचे उत्तर आपल्या सर्व्हरवर लावून बघतात. वास्तविक ती ओळ पुढचा पत्ता सांगत असते. ‘कंटेनरची लॉग फाइल’ म्हणजे त्याच लॉग फोल्डरमधील, ‘लोकलहोस्ट’ या नावाने सुरू होणारी आणि पुढे तारीख असलेली फाइल होय. खरा एक्सेप्शन (कोड चालताना आलेली चूक) तेथे असतो, आणि तेथेही पहिल्या ओळीवर न थांबता ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणारी सर्वांत शेवटची ओळ वाचावी, कारण मूळ कारण साखळीच्या तळाशी असते.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘कॅटलिना डॉट आऊट’ ही फाइल टॉमकॅट स्वतःहून कापत नाही. ती डिस्क भरेपर्यंत वाढत राहते. चालू सर्व्हरवर ती नुसती डिलीट केली तर जागाही मोकळी होत नाही, कारण प्रक्रियेने फाइल उघडी धरलेली असते. लॉग फाइल ठरावीक काळाने कापणारे लॉगरोटेट वापरून तिला आळा घालावा आणि त्यात ‘कॉपीट्रंकेट’ हा पर्याय आवर्जून द्यावा.

कनेक्शन पूलचे गुणधर्म जुन्याच नावांनी लिहिणे

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती बरेच दिवस दिसत नाही. पूल म्हणजे डेटाबेसची उघडून ठेवलेली, पुन्हा पुन्हा वापरायची कनेक्शन्स. टॉमकॅट ८ पासून अंगभूत पूल डीबीसीपी या लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीवर आला आणि त्यात कनेक्शन्सची कमाल संख्या सांगणाऱ्या ‘मॅक्सॲक्टिव्ह’चे नाव ‘मॅक्सटोटल’ झाले, तर कनेक्शनसाठी थांबण्याची मर्यादा सांगणाऱ्या ‘मॅक्सवेट’चे ‘मॅक्सवेटमिलिस’. जुनी ‘कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल’ नव्या सर्व्हरवर तशीच उचलून ठेवली की ‘मॅक्सॲक्टिव्ह’पुढे लिहिलेला १०० हा आकडा दुर्लक्षिला जातो आणि पूलमध्ये कनेक्शन्स उरतात फक्त ८, कारण ‘मॅक्सटोटल’चे मूळ मूल्य तेवढेच आहे. हा गुणधर्म आता वापरला जात नाही, अशी सूचना टॉमकॅट सुरू होताना लॉगमध्ये लिहितोही. पण सर्व्हर व्यवस्थित सुरू झालेला असल्यामुळे ती वाचतो कोण?

पुढचा प्रकार असा होतो. कोठल्या तरी एका रिपोर्टच्या कोडमध्ये कनेक्शन उघडले जाते आणि एक्सेप्शन आल्यास बंद न होता तसेच राहते. असे आठ वेळा झाले की पूल रिता होतो. थांबण्याची मर्यादाही जुन्या नावाने लिहिलेली असल्याने ती लागू होत नाही, आणि तिचे मूळ मूल्य ‘अमर्याद काळ थांबा’ असे आहे. मग येणारी प्रत्येक विनंती एक थ्रेड अडवून बसते, आणि विनंत्या स्वीकारणाऱ्या कनेक्टरचे २०० थ्रेड, जी ‘मॅक्सथ्रेड्स’ची मूळ मर्यादा आहे, भरले की साइट संपूर्ण गप्प होते. लॉगमध्ये एकही एरर नसतो. सीपीयू शांत असतो, मेमरी पुरेशी असते, आणि डेटाबेसकडे पाहिले तर तोही रिकामा बसलेला असतो.

येथेच आधी घेतलेला थ्रेड डंप कामी येतो. त्यात ‘एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक’ अशा नावाचे थ्रेड एकामागून एक पूलमधून कनेक्शन मागणाऱ्या ‘बॉरोऑब्जेक्ट’ या मेथडपाशी ताटकळलेले दिसतात आणि निदान तेथेच पूर्ण होते. त्यावर उपाय म्हणून नुसता ‘मॅक्सटोटल’चा आकडा वाढवला तर तीच घटना आज दुपारऐवजी परवा सकाळी घडेल, एवढाच फरक पडेल. म्हणून थांबण्याची मर्यादा दहा हजार मिलिसेकंदांसारखी ठरावीक ठेवावी, जेणेकरून विनंती लटकून न राहता स्पष्ट एरर देईल. शिवाय ‘रिमूव्हॲबंडन्डऑनबॉरो’ आणि ‘लॉगॲबंडन्ड’ हे दोन्ही गुणधर्म चालू करावेत. पहिला परत न आलेली कनेक्शन्स काढून घेतो. दुसरा चालू असला की परत न आलेले कनेक्शन कोणत्या क्लासच्या कोणत्या ओळीवर घेतले गेले होते हे लॉगमध्ये उतरते. ती ओळ सापडली, तेथे कनेक्शन आपोआप बंद करणारी ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ची रचना लावली, की दुरुस्ती खऱ्या अर्थाने झाली.

एक सावधगिरी मात्र हवी. रिसोर्सच्या ‘फॅक्टरी’ गुणधर्मात टॉमकॅटचा स्वतंत्र जेडीबीसी पूल नमूद केला असेल, तर तेथे ‘मॅक्सॲक्टिव्ह’ हेच नाव योग्य आहे. त्यामुळे आकडे बदलण्याआधी आपण दोनपैकी कोणता पूल वापरत आहोत हे पाहून घ्यावे.

सुट्टीनंतरची पहिली विनंती फसते याकडे दुर्लक्ष करणे

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस असतो, आणि तेथील कारखान्यांकडून ‘शुक्रवारी सकाळी पहिला लॉगिन होतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी होतो’ अशी तक्रार येते. याचा उलगडा सरळ आहे. मायएसक्यूएल हा डेटाबेस निष्क्रिय कनेक्शन मुळात २८,८०० सेकंदांनी, म्हणजे ८ तासांनी, आपल्या बाजूने तोडते. पूलला मात्र त्याचा पत्ता नसतो आणि तो मेलेले कनेक्शन ॲप्लिकेशनच्या हाती देतो. टॉमकॅटच्या जेडीबीसी पूलमध्ये कनेक्शन देण्यापूर्वीची तपासणी मुळात बंद असते. ‘टेस्टऑनबॉरो’ चालू करावे आणि ‘व्हॅलिडेशनक्वेरी’मध्ये ‘सिलेक्ट १’ द्यावे. मायएसक्यूएलची कालमर्यादाच वाढवणे हा उपाय लोकप्रिय असला तरी तो टाळावा, कारण मधला फायरवॉल किंवा डेटाबेसचा रिस्टार्ट त्याच कनेक्शनला तोडू शकतो.

सगळी मेमरी हीपला देणे

‘एक्सएमएक्स’ या जावाच्या पर्यायातील आकडा म्हणजे जावा वापरणार असलेली एकूण मेमरी, अशी समजूत आढळते. तो आकडा केवळ हीपचा, म्हणजे ॲप्लिकेशनचे ऑब्जेक्ट राहतात त्या भागाचा, असतो. मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवणारी जागा), प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आणि बफर यांची मेमरी त्याच्या बाहेर असते. ४ जीबीच्या मशीनवर मायएसक्यूएलही चालत असताना हीपला साडेतीन जीबी दिले, तर लिनक्सचा कर्नल मेमरी संपताच सर्वांत मोठी प्रक्रिया मारतो आणि ती टॉमकॅटची असण्याचीच शक्यता अधिक. अशा वेळी टॉमकॅटचा लॉग वाक्य अर्धवट सोडल्यासारखा अचानक थांबतो. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये पाहिले की मारल्याची नोंद सापडते. याउलट जावाचा स्वतःचा ‘आऊटऑफमेमरी’ एरर आला असेल, तर त्याच्या पुढचे शब्द वाचावेत, कारण ‘जावा हीप स्पेस’ आणि ‘मेटास्पेस’ या दोन निराळ्या व्याधी आहेत. दुसरी बहुधा रिस्टार्टविना वारंवार केलेल्या रिडिप्लॉयमुळे (ॲप्लिकेशन पुन्हा चढवल्यामुळे) होते. एरर येताच हीपची प्रत डिस्कवर उतरवणारा ‘हीपडंपऑनआऊटऑफमेमरीएरर’ हा पर्याय प्रत्येक प्रॉडक्शन सर्व्हरवर चालू असावा.

हे पर्याय लिहिण्याची जागा म्हणजे ‘बिन’ फोल्डरमधील ‘सेटएन्व्ह डॉट एसएच’ ही फाइल. ती मुळात नसते, आपण तयार करायची असते. त्यात ‘कॅटलिना ऑप्ट्स’ हा व्हेरिएबल वापरावा, ‘जावा ऑप्ट्स’ नव्हे. कारण ‘जावा ऑप्ट्स’ टॉमकॅट थांबवताना उघडणाऱ्या छोट्या जावा प्रक्रियेलाही लागू होतो, आणि त्यात देखरेखीसाठीच्या जेएमएक्सचा पोर्ट असल्यास तो आधीच व्यापलेला म्हणून शटडाउनच होत नाही. विंडोज सर्व्हिस म्हणून टॉमकॅट चालत असेल, तर ही फाइल वाचलीच जात नाही. तेथे सर्व्हिसच्या मॉनिटर खिडकीतील जावा या टॅबमध्ये मूल्ये भरावी लागतात.

देवनागरी बिघडली की डेटाबेसलाच दोष देणे

सभासदाच्या पत्त्यात ‘पर्वती’ भरले आणि छापील पावतीवर भलतेच उमटले, तर आधी भलतेच म्हणजे नेमके काय उमटले ते पाहावे. सहा प्रश्नचिन्हे असतील तर अक्षरे त्यांना सामावून न घेणाऱ्या अक्षरसंचात ढकलली गेली आणि मूळ माहिती कायमची गेली. विचित्र लॅटिन चिन्हांची माळ असेल तर बाइट शाबूत आहेत, फक्त ते चुकीच्या संचाने वाचले गेले आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते आणि ‘पर्वती’त हलन्त व वेलांटी धरून सहा चिन्हे येतात, म्हणून ती माळ अठरा चिन्हांची होते.

मग डेटाबेसमध्ये ‘हेक्स’ फंक्शनने तो रकाना पाहावा. ‘ई०’ने सुरू होणारे तीन-तीन बाइटांचे गट दिसले तर साठवण बरोबर आहे आणि दोष दाखवण्याच्या टप्प्यावर, बहुधा पान तयार करणाऱ्या जेएसपी फाइलच्या ‘पेजएन्कोडिंग’मध्ये, आहे. ‘सी३’ने सुरुवात होत असेल तर माहिती दुहेरी एन्कोड होऊन आत गेली. ‘३एफ’ची रांग असेल तर ती खरोखरची प्रश्नचिन्हेच साठवली गेली आहेत आणि ती नोंद कागदी अर्जावरून पुन्हा भरावी लागेल.

दुहेरी एन्कोडिंगचे मूळ बहुधा फॉर्ममध्ये असते. टॉमकॅट ८ पासून ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीतून (यूआरएल) आलेली माहिती यूटीएफ-८ मानली जाते, त्यामुळे शोधपेटीत मराठी चालते. मात्र फॉर्म पाठवण्याच्या ‘पोस्ट’ पद्धतीने आलेला मजकूर, ब्राउझरने संच सांगितला नसल्यास, टॉमकॅट ९ मुळात आयएसओ-८८५९-१ म्हणून वाचतो. ‘शोध चालतो, पण भरलेला अर्ज बिघडतो’ हे लक्षण यामुळेच दिसते. टॉमकॅटबरोबरच येणारा ‘सेटकॅरॅक्टरएन्कोडिंगफिल्टर’ (फिल्टर म्हणजे विनंती ॲप्लिकेशनकडे जाण्याआधी चालणारा कोड) ‘वेब डॉट एक्सएमएल’मध्ये लावावा आणि तो सर्व फिल्टरांच्या आधी असावा, कारण दुसऱ्या एखाद्या फिल्टरने एकदा पॅरामीटर वाचला की नंतर संच बदलून उपयोग होत नाही.

आवृत्ती पुढे नेताना नावांचा बदल विसरणे

टॉमकॅट १० पासून पॅकेजची नावे ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’वर गेली. ९ वर चालणारी वॉर फाइल १० वर टाकल्यास कधी क्लास सापडत नसल्याचा एरर येतो, तर कधी एररही न येता फक्त ४०४ येते, कारण जुन्या नावाची ॲनोटेशन्स (कोडमधील खुणा) नवा सर्व्हर ओळखतच नाही. अशी वॉर ‘वेबॲप्स-जावाईई’ या फोल्डरमध्ये ठेवली तर टॉमकॅट तिचे रूपांतर करून घेतो. जावाची आवृत्तीही जुळली पाहिजे: १०.१ ला किमान जावा ११ लागते, ११ ला जावा १७.

ॲप्लिकेशन नकळत दोनदा चालवणे

हप्त्याची आठवण देणारा एसएमएस प्रत्येक सभासदाला दोनदा जातो आणि संशय एसएमएस पुरवठादारावर घेतला जातो. ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मध्ये कॉन्टेक्स्ट लिहून त्याचा ‘डॉकबेस’ (ॲप्लिकेशनच्या फोल्डरचा मार्ग) ‘वेबॲप्स’च्याच आतील फोल्डरकडे वळवला असेल, तर टॉमकॅट ते ॲप्लिकेशन एकदा या कॉन्टेक्स्टमुळे आणि पुन्हा एकदा ‘वेबॲप्स’मधील सर्व काही आपोआप चालवणाऱ्या ऑटोडिप्लॉयमुळे सुरू करतो. ठरल्या वेळी एसएमएस पाठवणारे शेड्यूलर दोन होतात, पूलही दोन होतात. वॉर फाइल ‘वेबॲप्स’च्या बाहेर ठेवावी, किंवा तो कॉन्टेक्स्ट काढून टाकून फोल्डरच्या नावावर विसंबावे. खातरजमा करायची असेल तर रिस्टार्टनंतर ‘कॅटलिना डॉट आऊट’मध्ये आपल्या ॲप्लिकेशनच्या सुरुवातीच्या ओळी शोधाव्यात: फ्रेमवर्कची आरंभीची नोंद दोनदा उमटलेली दिसली, तर पुरवठादाराला फोन करण्याचे कारण नाही.