स्क्रीनचा प्रोटोटाइप करताना या चुका टाळा

प्रोटोटाइप म्हणजे ॲप प्रत्यक्ष बनवण्याआधी तपासून पाहायचा कच्चा नमुना. त्यातली पहिली चूक कामाच्या सुरुवातीलाच होते. सॉफ्टवेअर आधी ठरतं, नेमकं काय तपासायचंय ते शेवटी. खरं तर असे नमुने करायचं प्रत्येक साधन कुठल्या ना कुठल्या अडचणीवर उत्तर म्हणून आलं. 1987 च्या हायपरकार्डमुळे प्रोग्रामर नसलेल्यालाही बटण दाबून एका कार्डावरून दुसऱ्यावर जाणारी रचना उभी करता आली. 2008 च्या बाल्सामिकने रेषा मुद्दाम हाताने काढल्यासारख्या ठेवल्या, म्हणजे पाहणारा रंगात न अडकता मांडणीवर बोलेल. 2016 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या फिग्माने अनेकांना ब्राउझरमध्ये एकाच फाइलवर काम करू दिलं. स्केच या सॉफ्टवेअरमध्ये आखणी करायला मात्र आजही मॅकच लागतो.

गोव्यातल्या रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या वेळा दाखवणारं ॲप करायचंय असं धरा. धक्क्यावर आलेल्याला पुढची बोट कधी, हे चटकन सापडतं का, एवढंच बघायचं असेल तर कागदावर काढलेले चार चौकोन पुरतात. सुबक स्क्रीन पुढे ठेवलीत तर लोक संकोचाने ‘छान आहे’ म्हणतात आणि दोष तसाच राहतो.

गोव्यात सगळ्यात जास्त काम बिघडतं ते मजकुरामुळे. स्क्रीन इंग्रजीत बेतली जाते, मराठी किंवा कोंकणी शेवटी भरली जाते. मग बटणातून शब्द बाहेर येतो, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. इंटरसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. त्यांच्या जागी दुसराच फॉन्ट येतो आणि मापं चुकतात. म्हणून सुरुवातीलाच मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, ओळीची उंची अक्षराच्या साधारण दीडपट ठेवा. फिग्मात बटणाला ऑटो लेआउट लावा, म्हणजे शब्दाबरोबर बटणही वाढेल. नमुन्यात लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायला वापरतात तो निरर्थक मजकूर नको, खरी गावांची नावं टाका. ‘केपे’ कुठेही मावतं. ‘सां जुझे द आरियाल’ टाकून बघा, यादी कुठे तुटते ते लगेच दिसेल.

चाचणी कार्यालयातल्या वायफायवर उरकू नका. पावसाळ्यात सत्तरी तालुक्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात, आणि लिंक उघडलीच नाही तर समोरचा माणूस निघून जातो. स्क्रीनच्या छापील प्रती बरोबर असू द्या. स्वस्त अँड्रॉइड फोनवर, भर उन्हात उभं राहूनही बघा. फिकट राखाडी अक्षरं तिथे दिसत नाहीत.

आणि फाइल कंपनीच्या भरवशावर सोडू नका. प्रोटोटाइप करायच्या साधनांपैकी इनव्हिजन 2024 च्या अखेरीस बंद झालं, ॲडोबी एक्सडी 2023 पासून केवळ डागडुजीवर आहे. दर टप्प्याला पीडीएफ काढा, फिग्माची स्थानिक प्रत उतरवून ठेवा आणि कोणता बदल का केला ते त्याच फोल्डरमध्ये दोन ओळींत लिहा.