बोलण्याच्या परीक्षेत गुण कशाचे मिळतात

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कॅनडात शिकायला आलेल्या मुलामुलींनी पहिल्याच वर्षी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रवेशासाठी दिलेली ॲकॅडेमिक आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) पीआरच्या, म्हणजे कायम रहिवासाच्या, अर्जाला चालत नाही. तिथे याच परीक्षेचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार लागतो आणि त्याचा निकाल अर्जाच्या दिवशी 2 वर्षांच्या आतला असावा लागतो. बोलण्याची परीक्षा मात्र दोन्हींत सारखीच असते, 11 ते 14 मिनिटांची.

आपल्याकडच्या मुलांना सर्वांत जास्त धास्ती असते ती अहिराणी वळणाची, आणि ती अनाठायी आहे. परीक्षक ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांवर प्रत्येकी 0 ते 9 बँड (गुण) देतो आणि चौघांचे वजन समान असल्यामुळे उच्चारात एक बँड कमी पडला तरी सरासरी पाव बँडानेच उतरते. शिवाय उच्चारातही मुख्यतः पाहिले जाते ते बोलणे सहज कळते का. गोऱ्यांसारखा सूर काढण्याला गुण नाहीत. त्यापेक्षा शब्दावरचा आघात सांभाळावा: ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या शब्दावयवावर (‘रे’वर) येतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

खरे नुकसान पाठांतराने होते. मी स्वतः पहिल्या वेळी शिकवणीत घोकलेली उत्तरे म्हणून दाखवली आणि बोलण्यात 6 वर अडकलो. 6 म्हणजे सीएलबी (भाषेची पातळी मोजण्याची कॅनडाची श्रेणी) 7, तर सीएलबी 9 साठी 7 लागतात. दुसऱ्या भागात विषयाचे कार्ड मिळते, विचाराला 1 मिनिट आणि बोलायला 2 मिनिटांपर्यंत वेळ असतो. तिथे कधी न पाहिलेल्या संग्रहालयाचे वर्णन करण्यापेक्षा रावेरच्या केळीच्या बागेतली कापणी किंवा शेतातली भरीत पार्टी सांगावी, कारण माहिती खरी आहे की नाही याला गुण नसले तरी अनुभवलेली गोष्ट सांगताना वाक्ये आपोआप लांबतात, भूतकाळाची रूपे येतात आणि ‘म्हणून’, ‘तोवर’ असे जोड सहज पडतात. बोलताना चूक सुधारली तर बिघडत नाही. दर वाक्याला मागे फिरले तर ओघाचा बँड जातो. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा विचारण्यास संकोच करू नये.

निकाल पटला नाही तर परीक्षेपासून 6 आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. मुलाखत ध्वनिमुद्रित असते, त्यामुळे दुसरा परीक्षक ती ऐकून गुण देतो आणि बँड वाढल्यास भरलेले शुल्क परत मिळते.