जुनाट त्वचारोगाची बायोप्सी वाचताना: आधी सेक्शन सरळ आहे का ते बघा

सोरायसिस, जुनाट एक्झिमा, लायकेन प्लॅनस यांचे तक्ते पहिल्याच वर्षी पाठ होतात. तरी स्लाइड समोर आली की गाडी अडते, कारण तिन्हींत एपिडर्मिस (त्वचेचा वरचा थर) जाड असू शकते आणि खाली लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतातच. घाबरू नका, सगळ्यांची इथेच अडते.

जाडीवर बोलण्याआधी सेक्शनचा, म्हणजे स्लाइडवरच्या पातळ कापाचा, कोन बघा. रावेरचं केळं सरळ आडवं कापलं तर चकती गोल येते, साल पातळ दिसते. तेच तिरकं कापलं की काप लांबट आणि साल जाड. त्वचेचंही तसंच. तिरक्या सेक्शनमध्ये निरोगी एपिडर्मिससुद्धा जाड वाटते, बेसल (सगळ्यात तळाच्या) पेशींचे चार-पाच थर भासतात, रीटी रिजेसचे (एपिडर्मिसच्या खाली उतरणाऱ्या बोटांचे) तुकडे डर्मिसमध्ये (त्वचेच्या खालच्या थरात) सुट्या बेटांसारखे दिसतात. सगळ्यात घातक म्हणजे पॅपिलांच्या (रिजेसच्या मधून वर आलेल्या डर्मिसच्या उंचवट्यांच्या) माथ्यावरचा एपिडर्मिसचा थर जाड दिसतो. सोरायसिसमध्ये तो पातळ असतो आणि त्याखाली फुगलेल्या, वळणावळणाच्या केशवाहिन्या असतात. म्हणूनच खपली खरवडली की टिपक्यांनी रक्त येतं. तिरक्या कापात ही खूणच हरवते.

चारच्या ऑब्जेक्टिव्हवर (कमी मोठं दाखवणाऱ्या भिंगावर) अख्खा तुकडा फिरवा. एपिडर्मिसच्या आत डर्मिसचे गोल ठिपके आणि केसांची मुळं उभी न दिसता कड्यांसारखी गोल दिसली, तर रिपोर्ट लिहू नका. नुसते डीपर सेक्शन (त्याच ब्लॉकमधले आणखी खोलचे काप) मागवून भागत नाही, कोन तोच राहतो. मेणाचा ब्लॉक वितळवून तुकडा पुन्हा बसवून घ्या.

मुळात चूक ग्रॉसिंगला, म्हणजे आलेला तुकडा बघून चिरताना, होते. ४ मिमीचा पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावणात) आकसतो. भिंगाखाली तपकिरी बाजू एपिडर्मिसची, पांढरी डर्मिसची. ४ मिमी किंवा मोठा असेल तर वरून खाली उभा चिरा आणि चिरलेली बाजू खाली ठेवा. ३ मिमीचा न चिरता आडवा निजवा. एम्बेडिंगच्या (तुकडा मेणात बसवण्याच्या) वेळी टेक्निशियन दादांशेजारी उभे राहा. हे शिकायला पुस्तकापेक्षा तीच जागा बरी.

एप्रिल-मेच्या खान्देशी उन्हात मेण मऊ पडतं, सेक्शन चुरगळतं. ब्लॉक बर्फावर ठेवूनच ३ ते ४ मायक्रॉनचं कापा. शहादा-चोपड्याहून एसटीने बाटली येणार असेल तर १० टक्के फॉर्मेलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं आणि झाकण घट्ट. सलाइनमध्ये आलेला तुकडा वाटेतच खराब होतो.

कोन सरळ असेल तर पुढचं सोपं आहे. रिजेस एकसारख्या लांब, टोकाला गदेसारख्या फुगलेल्या, ग्रॅन्युलर थर (एपिडर्मिसचा वरचा दाणेदार थर) विरळ, वर सलग पॅराकेराटोसिस (खपलीच्या पेशींत केंद्रक शिल्लक राहणं) आणि त्यात न्यूट्रोफिल्सचे (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) पुंजके: सोरायसिस. रिजेस कमीजास्त लांबीच्या, ग्रॅन्युलर थर जाड, पॅपिलांत कोलॅजनच्या उभ्या रेघा: वर्षानुवर्षं खाजवलेली त्वचा. करवतीच्या दात्यांसारख्या रिजेस आणि त्यांना चिकटून लिम्फोसाइट्सचा पट्टा: लायकेन प्लॅनस, पण त्यात पॅराकेराटोसिस दिसला तर औषधाची रिअॅक्शन आहे का ते विचारा.

पीएएस स्टेन (बुरशी दाखवणारा रंग) मात्र टाळू नका. आपल्याकडे घामाचे दिवस लांब, नायटा भरपूर, आणि मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची मिश्र क्रीम घरोघरी. अशा नायट्याचं चित्र कधी सोरायसिससारखं, कधी एक्झिमासारखं. खपलीत न्यूट्रोफिल्स दिसले की आधी बुरशीचे किरमिजी धागे शोधा. नाहीतर सोरायसिस म्हणून पेशंटला मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू होईल आणि नायटा अंगभर पसरेल.

मोबाइलवर चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हचा एक फोटो सीनियरला पाठवून निदान मागायची सवय लावून घेऊ नका. त्या फोटोत ना कोन कळतो, ना रिजेसची ठेवण. स्लाइड हातात घेऊन जा. सोबत जागा सांगा, कारण कोपर-गुडघ्याची कातडी मुळातच जाड असते. क्रीम कधी थांबवली तेही विचारून ठेवा. दोन आठवडे झाले नसतील तर खुणा पुसट असतात. एवढं करूनही ठरत नसेल तर ‘सोरायसिफॉर्म डर्मटायटिस’ (सोरायसिससारखा दिसणारा त्वचादाह) लिहा आणि त्वचारोगतज्ज्ञांना फोन लावा. त्यात कमीपणा नाही.